कादंबरीवरून विनोदी सिनेमा काढणाऱ्या मंडळींना कोकणातून खुलं पत्र

निर्माते, दिग्दर्शक, पटकथा आणि संवाद लिहिणारे, आणि मराठी सिनेमात पैसा घालणारे सगळेजण,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात गेली 17 वर्षं ग्रंथपाल आहे. वाचनालय म्हणजे कौलारू दोन खोल्या, आठ लोखंडी कपाटं, आणि पावसाळ्यात त्या कपाटांत डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला घालून बुरशीपासून पुस्तकं वाचवायची. सिनेमा कसा बनवतात ते मला माहीत नाही. पण ज्या कादंबरीवरून तुमच्यातल्या काहींनी विनोदी सिनेमा काढला, आमच्याच गावात येऊन शूटिंग केलं आणि जो सिनेमा आठवड्याभरात थिएटरातून उतरला, ती कादंबरी मी कितीतरी वेळा वाचलीय आणि शंभराच्या वर माणसांच्या हातात दिलीय, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा माझा पण थोडा हक्क आहे असं मी समजते.

कादंबरीचं नाव लिहित नाही, सिनेमाचं पण नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि हे पत्र काही एका सिनेमापुरतं नाहीये, पुढच्या वेळी कोणीतरी दुसरं पुस्तक घेऊन दुसऱ्या गावात उतरणार आहे म्हणून लिहितेय.

आधी कादंबरी काय आहे ते सांगते, कारण सिनेमा बघून आलेल्यांना ते कळलेलंच नाही. दोन चुलत भाऊ, घरं शेजारी शेजारी, मधे गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली हद्दीची भिंत, आणि गडग्यावर बरोबर हद्दीत एक फणसाचं झाड. सातबाऱ्यावर 37 नावं, त्यातली अर्धी मुंबईला, काही तर कधीच वारलेली. झाड कोणाचं यावर आज्याच्या काळापासून केस चालू आहे आणि फणस कापा आहे, घट्ट गऱ्यांचा, बरका म्हणजे मऊ लिबलिबीत गऱ्यांचा असता तर कोणी एवढं भांडलंच नसतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला लागत नाही. तर हे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. 30 वर्षं बोलत नाहीत. पण शेजारी राहायचं म्हणजे निरोप तर द्यावेच लागतात, मग ते दोघं जे काय बोलायचं ते वाघ्याला सांगतात. वाघ्या म्हणजे कुत्रा, दोन्ही घरचं खाणारा. थोरला आपल्या पडवीत उभा राहून मोठ्याने वाघ्याला सांगणार आणि धाकटा गडग्यापलीकडून ऐकणार, आणि उत्तर पण वाघ्यालाच देणार. आणि गडगा. दर पावसात गडगा थोडा ढासळतो, मग पाऊस संपला की दोघं आपापल्या बाजूने दगड रचायला घेतात आणि दोघंही गुपचूप एकेक दगड पलीकडे सरकवतात, त्यामुळे 30 वर्षांत गडगा कुठेच गेलेला नाही. ह्या एवढ्या गोष्टीवर लेखकाने जवळपास एक प्रकरण लिहिलंय आणि ते वाचताना मी बसमधे तोंडाला पदर लावून हसलेय. हसायला येतं कारण लेखक स्वतः जराही हसत नाही. तलाठ्याने पंचनामा लिहावा तसं तो लिहितो, तारीख, वार, दगड किती, पाऊस किती.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शूटिंगचं युनिट दिवाळी झाल्यावर लगेच आलं. गावाला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, मला तर झोप लागली नव्हती. आपण इतकी वर्षं लोकांना हे पुस्तक वाचा वाचा सांगतोय ते आता सगळ्या महाराष्ट्राला दिसणार, असं वाटत होतं. आता दिवाळीनंतर फणसाला फणस कुठून असणार? तेव्हा झाडावर काहीच नसतं, फार तर पुढे पौष-माघात कुयऱ्या दिसायला लागतात. मग आर्टवाल्या मुलांनी थर्माकोलचे फणस बनवून आणले, हिरवा रंग मारलेले, काटे वगैरे अगदी छान केलेले, मुलं बिचारी रात्रभर जागून काम करत होती. आणि ते फणस त्यांनी बांधले कुठे, तर फांद्यांच्या शेंड्यांना. आंब्यासारखे लटकवले. आमच्याकडचे एक म्हातारे आजोबा काठी टेकत बघायला आले होते, बराच वेळ वर बघत राहिले आणि मला म्हणाले, "अगो, फणस शेंड्याक कधीपासून लागाक लागले?"

फणस बुंध्याला लागतो. जाड फांदीला लागतो, कधीकधी पार मुळाजवळ जमिनीला टेकून लागतो. बारीक फांदीला त्याचं वजनच पेलणार नाही, दहा-पंधरा किलोचा एकेक फणस असतो. मी जाऊन सांगितलं. ज्यांना सांगितलं ते म्हणाले, ताई, फ्रेममधे वरच्या बाजूला फणस हवेत, खाली ठेवले तर माणसांच्या मागे झाकले जातात. बरोबर असेल त्यांचं, मला फ्रेममधलं कळत नाही. पण कादंबरीतला सगळा तंटाच ह्यावर आहे हो! फणस बुंध्याला लागतो आणि बुंधा गडग्यात आहे, म्हणून कुठला फणस कोणाच्या बाजूला ते ठरवता येत नाही. शेंड्याला लागत असते तर ह्याच्या अंगणातले ह्याचे, त्याच्या अंगणातले त्याचे, केस पहिल्याच दिवशी मिटली असती. म्हणजे नुसतं दिसायला चुकलं असं नाही, गोष्टच उरली नाही. आणि हे सेटवरच्या शंभर माणसांत एकालाही वाटलं नाही, कारण माझी खात्री आहे, त्यातल्या चार माणसांनी पण पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मग संवाद. मला सांगितलं, ताई, तुम्ही इथल्याच, जरा मालवणी करून द्या. मी तीन रात्री जागून करून दिलं. मानधन मिळालं, वेळेवर मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. तक्रार वेगळी आहे. मी लिहिलेल्यातलं निम्मं प्रमाण भाषेत परत नेलं, कारण "प्रेक्षकाला कळलं पाहिजे". गडगा शब्द काढून भिंत केलं. कापा-बरका काढून टाकलं. आणि जे उरलं त्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी गो आणि रे आणि मेल्या लावून दिलं, म्हणजे झालं मालवणी. डबिंग मुंबईत झालं, तिथे आमच्यातलं कोणीच नव्हतं, त्यामुळे सिनेमात एक बाई "ती इलो" म्हणते. इली म्हणायला हवं हे आमच्याकडचं तीन वर्षांचं पोर सांगेल. एकाच घरातला बाप मालवणी बोलतो, मुलगा संगमेश्वरीसारखं काहीतरी बोलतो आणि सून मधेच आगरी हेल काढते. कोकण म्हणजे एक बोली नाही हो. सिंधुदुर्गात मालवणी, वर रत्नागिरीकडे सरकलात की संगमेश्वरी सुरू होते, रायगडात आगरी, खाली गोव्यात गेलात की कोंकणी, आणि आमच्या एका तालुक्यात पण खाडीच्या ह्या काठाला आणि त्या काठाला वेगळे हेल आहेत. मुंबईत बसून सगळं एका पातेल्यात ढवळून "कोकणी टच" म्हणून वाढू नका, आम्हाला लागतं ते.

आणि कळणार नाही ही भीती कशाला? 'वस्त्रहरण' 1980 साली रंगभूमीवर आलं, गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, मच्छिंद्र कांबळींनी केलेलं, अस्सल मालवणीत. पाच हजारांच्या वर प्रयोग झाले, पुण्यात झाले, लंडनला झाले. तिथल्या माणसांना प्रत्येक शब्द कळला असेल असं नाही, पण माणूस खरं बोलतोय हे कळलं की शब्द मागून येतातच. त्या नाटकाने मालवणीला मुंबईच्या थिएटरात ताठ मानेने उभं केलं. त्यानंतर चाळीसपेक्षा जास्त वर्षं गेली आणि अजून आम्हाला सांगतात की तुमची भाषा प्रेक्षकाला कळणार नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही गावातून 22 जण दोन गाड्या करून गेलो. जवळपास थिएटर नाही आमच्याकडे, जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. माझ्या शेजारच्या काकी 78 वर्षांच्या, त्यांनी थिएटरात पाऊल टाकलं त्याला वीसेक वर्षं झाली असतील, नवी साडी नेसून आल्या होत्या.

आता एक प्रसंग नीट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका प्रसंगात आहे.

कादंबरीत आषाढातली रात्र आहे. धाकट्याच्या बायकोला पोटात कळा येतायत, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली, रस्ता बंद, पलीकडे जायचं तर खाडीतून होडी घालून जायचं आणि होडी थोरल्याकडे. धाकटा मागणार नाही, मेला तरी मागणार नाही. अंधारात पावसात थोरला बॅटरी घेऊन गडग्याशी येऊन उभा राहतो आणि वाघ्याला सांगतो, "वाघ्या, त्या घरात जावन सांग, होडी काढलंय. आनि घोंगडी घेवक सांग, पाऊस थांबाचो नाय." वाघ्या तिथेच शेपूट हलवत उभा. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग धाकटा म्हणतो, "वाघ्या, त्येंका सांग, घोंगडी आमच्याकडे पन आसा." बस एवढंच. दुसऱ्या ओळीला होडी सुटलेली असते. मी हे वाचनालयाच्या पडवीत बायकांना मोठ्याने वाचून दाखवलंय, घोंगडीच्या वाक्याला सगळ्या हसतात आणि हसता हसता नाक पुसतात, दर वेळी, एकदाही चुकलेलं नाही.

सिनेमात वाघ्या बोलतो. त्याला आवाज दिलाय, चिरका, कॉमेडी आवाज, तो निरोप नेतो आणि वर स्वतःच्या मनाचे शेरे मारतो, प्रत्येक शेऱ्यामागे टुंग असा काहीतरी आवाज. बायकोचं दुखणं काढून टाकलं, म्हणे फॅमिली ऑडियन्सला जड होतं, त्याजागी मुंबईहून आलेल्या पुतण्याची बाईक चिखलात रुतते आणि दोन्ही भाऊ ढकलताना शेणात पडतात.

अहो, कुत्र्याला काही कळत नाही आणि कळत नाही हे दोघा भावांना माहीत आहे, ह्यातच तर सगळं आहे! तो मुका आहे म्हणून त्याच्याशी बोलता येतं. भावाशी बोललो असं होऊ नये पण भावाला कळावं, ही त्या दोघांची जी धडपड आहे ती त्या मुक्या जनावरामुळे चालते. कुत्रा बोलायला लागला की त्या दोघांचा अबोला फुकट गेला, मग हसायला काय उरलं आणि रडायला काय उरलं. थिएटरात पहिल्यांदा कुत्रा बोलला तेव्हा मागची लहान मुलं हसली, खरंय. तिसऱ्यांदा ती पण हसली नाहीत.

आणि शेवट. पुस्तकात शेवटी वादळात फणस पडतो, आडवा, गडगा मोडून दोन्ही अंगणांत. सकाळी दोघे म्हातारे आपापल्या बाजूने येऊन त्या खोडावर बसतात. वाघ्या आदल्या वर्षीच मेलेला असतो. त्यामुळे आता बोलायला मधे कोणीच नाही. तिथे पुस्तक संपतं. सिनेमात कोर्टात भाषण आहे, एकत्र कुटुंबावर, चार-पाच मिनिटांचं तरी असेल, आणि मग समुद्रावर सगळ्यांचं गाणं.

परत येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. काकी एवढंच म्हणाल्या, "अगो, ह्येच्यात आमचो फणस खंय होतो?"

सिनेमा पडल्यावर जे बोललं गेलं ते मी वाचलं. मराठी माणूस मराठी सिनेमाला येत नाही, स्क्रीन मिळत नाहीत, कादंबरीवरचा सिनेमा चालत नाही. स्क्रीनचं खरं असेल, त्या लढाईत मी तुमच्याच बाजूने आहे. पण कादंबरीवरचा सिनेमा चालत नाही हे कसं मान्य करायचं? 'श्यामची आई' कोकणातल्या आईची गोष्ट, अत्र्यांनी 1953 साली पडद्यावर आणली, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं. 'बनगरवाडी' 1995 साली आला, 'नटरंग' 2010, 'दुनियादारी' 2013, सगळे कादंबरीवरूनच. ह्यातला मुळात विनोदी कादंबरीवरचा एकही नाही, हे मी खूप दिवस घोळवत होते. मला वाटतं कारण असं आहे की दुःखाची गोष्ट घटनेत असते, घटना उचलून नेली की थोडंफार दुःख बरोबर येतं. विनोद घटनेत नसतोच, तो सांगणाऱ्याच्या आवाजात असतो. दोन म्हातारे भांडतायत ह्यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही, प्रत्येक वाडीत भांडतायत. ते कोण सांगतंय, किती सावकाश सांगतंय, काय सांगायचं सोडून देतंय, ह्यात सगळं आहे. तुम्ही घटना घेऊन गेलात आणि सांगणारा इथेच राहिला, आमच्या कपाटात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. माझा भाचा सिनेमाचा कोर्स करतोय, त्याने मला अमेरिकेतल्या एका सिनेमाबद्दल सांगितलं, मग मी मिळेल ते वाचून काढलं. 'द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज', टॉम वुल्फची 1987 ची कादंबरी, न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत, वकील, पत्रकार, पुढारी सगळ्यांची सालं सोलणारी, प्रचंड खपलेली. 1990 मधे ब्रायन डी पाल्माने सिनेमा केला. खर्च 4 कोटी 70 लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेत कमाई दीड कोटी डॉलरच्या थोडी वर. एवढा मोठा दिग्दर्शक, टॉम हँक्स, ब्रूस विलिस, मॉर्गन फ्रीमन, आणि तरी पडला. काय केलं त्यांनी? कादंबरीत कोणाचीच बाजू घेतलेली नाही, तर नायक लोकांना आवडला पाहिजे म्हणून ज्याचा राग येणंच कठीण असा टॉम हँक्स घेतला. कादंबरीतला पत्रकार दारुडा इंग्रज माणूस आहे, परक्या देशात बसून सगळ्यांकडे तुच्छतेने बघणारा, त्याला अमेरिकन करून टाकलं आणि गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडे दिलं. शेवटी न्यायाधीशाच्या तोंडी सभ्यपणावर भाषण घातलं. एकेक बदल ऐकताना मला आमचाच सिनेमा दिसत होता. इथे मुंबईचा गोड पुतण्या, तिथे टॉम हँक्स. इथे कोर्टातलं भाषण, तिथे पण कोर्टातलंच भाषण!

पण त्या लोकांची एक गोष्ट मला फार आवडली. डी पाल्माने ज्युली सॅलमन नावाच्या पत्रकार बाईंना शूटिंगमधे सगळीकडे येऊ दिलं होतं आणि सिनेमा पडल्यावर त्यांनी 1991 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, कुठे काय ठरलं, कोणी काय बदललं, सगळं. ते आजही वाचलं जातं. आपल्याकडे सिनेमा पडला की दोन दिवस प्रेक्षकाला बोल लावायचे आणि मग सगळे गप्प. कोणीतरी बसून लिहायला हवं की आम्ही हा बदल ह्या कारणासाठी केला आणि तो इथे चुकला. पुढच्याला उपयोग होईल.

प्रेक्षक येत नाही म्हणता. कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतात तेव्हा एकदा या. देवळासमोर दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, असतो, रात्रभर, लोक गोणपाट नाहीतर चादर अंथरून जमिनीवर बसतात, थंडीत, कुडकुडत, पोरं मांडीवर घेऊन. हातात छापील संवाद नाहीत, नट तिथल्या तिथे बोलतात. सुरुवातीला आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासूर नावाचा राक्षस येतो, काळा पोशाख, आणि मालवणीत सुरू होतो. गावातल्या सरपंचापासून लाईटच्या बिलापर्यंत कशावरही बोलतो. एकदा मी पाहिलंय, संकासूर आला आणि नुसता उभा राहिला, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या एका माणसाकडे बघत, एक शब्द नाही. बघतोय. पेटीवाला थांबला, पखवाजवाला थांबला. अर्धा मिनिट तरी गेलं असेल. आधी एक बाई हसली, मग चार, मग अख्खं देऊळ हसायला लागलं आणि तो अजून गप्पच, तोंडावरची माशी हलत नव्हती. हसवणाऱ्याने स्वतः हसायचं नाही आणि घाई करायची नाही, हे आमच्या त्या नटाला कोणत्या शाळेत शिकवलं? तो शेतात काम करून संध्याकाळी टेम्पोत बसून आलेला होता. तुमच्या सिनेमात दोन सेकंदांची शांतता मिळत नाही. कोणी थांबलं की लगेच म्युझिक. अहो, आम्हाला थांबता येतं, पिढ्यान्‌पिढ्या थांबतोय आम्ही, आमच्यावर एवढा अविश्वास का?

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

सिनेमा पडला, तुमचे पैसे गेले, वाईट झालं, खरंच वाईट वाटलं, त्यात कितीतरी हातावर पोट असलेल्यांचं काम होतं. पण तुम्ही पुढचा काढाल. पुस्तकाचं काय? आमच्याकडे त्या कादंबरीच्या दोन प्रती आहेत, एकीची बांधणी दोनदा करून घेतलीय. दर वर्षी आठ-दहा जण तरी न्यायचे, मे महिन्यात चाकरमानी आले की दोन्ही प्रती बाहेर, नंबर लागायचे. सिनेमा आल्यापासून देवघेवीच्या रजिस्टरला त्या पुस्तकाची एकच नोंद आहे. बारावीतला एक मुलगा, हुशार, वाचणारा, त्याच्या हातात मी मुद्दाम दिलं तर त्याने मागचं पान बघून परत ठेवलं. "मॅडम, ह्याचा पिक्चर बघितलाय मी, तो कुत्रा बोलतो तोच ना? नको." मी त्याला म्हटलं, अरे पुस्तकात कुत्रा बोलत नाही. तो म्हणाला, मग काय करतो? मला उत्तर द्यायला जमलंच नाही. "काहीच करत नाही" असं सांगून कोण पुस्तक वाचायला नेणार?

नवीन आवृत्ती निघालीय, तिच्या कव्हरवर सिनेमाचं पोस्टर आहे, गॉगल लावलेला कुत्रा. जुन्या कव्हरवर साधा गडगा होता, पेन्सिलने काढलेला, त्यातला एक दगड थोडा बाहेर आलेला. लेखकाने ते हस्तलिखित किती वर्षं बाळगलं असेल, कोणत्या दिव्याखाली लिहिलं असेल, आणि आता वाचायच्या आधीच लोकांच्या मनात तो गॉगल. चांगला सिनेमा आला की माणसं पुस्तक मागायला येतात, हे मी 17 वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय. वाईट सिनेमा आला की पुस्तकाचं दार लागतं, आणि ते उघडायला माझ्यासारखीला पुढची दहा वर्षं एकेका मुलामागे लागावं लागणार आहे.

म्हणून हात जोडून सांगते. हक्क विकत घेतलात म्हणजे गोष्ट तुमची झाली, कायद्याने झाली, मान्य. पण पुस्तकातला सांगणारा तुम्हाला नको असेल, त्याचा सावकाशपणा नको असेल, त्याची भाषा नको असेल, तर ते पुस्तक घेऊच नका ना. स्वतःची गोष्ट लिहा, त्यात कुत्र्याला काय पाहिजे ते बोलायला लावा, आम्ही येऊन बघू, आवडलं तर हसू पण. आणि घेणार असाल तर पटकथा लिहायच्या आधी ज्या मातीतलं आहे तिथे एक पाऊस काढा. हिवाळ्यात येऊन दोन दिवसांत लोकेशन बघून जाऊ नका, पावसात या, गडगा ढासळलेला बघा, साकवावरून पाणी जाताना बघा, लोक एकमेकांशी न बोलता कसं बोलतात ते बघा. डबिंगच्या खोलीत आमच्यातलं एखादं माणूस बसवा, खर्च फार येणार नाही, एसटीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण. आणि ट्रेलर करताना कोकण म्हणजे समुद्र, भूत, मासे आणि शिव्या एवढंच दाखवायचं आता तरी थांबवा, इथे माणसं राहतात, त्यांना सातबारा असतो, आजारपणं असतात, अबोला असतो.

आमचं वाचनालय संध्याकाळी 4 ते 7 उघडं असतं, सोमवारी बंद. पुढची कादंबरी कोणती घेणार असाल, विनोदी असेल तर नक्कीच, ती पिशवीत टाकून घेऊन या. आधी कळवलंत तर बरं, म्हणजे बायकांना निरोप देता येईल. पडवीत बसू, काकी येतील, ते काठीवाले आजोबा येतील, बारावीतल्या त्या मुलाला पण मी ओढून आणीन. तुम्ही वाचून दाखवा, नाहीतर मी वाचते. लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, ते मी समासात पेन्सिलने खुणा करून देईन, ती प्रत तुम्ही शूटिंगला घेऊन जा.

तुमची,
एक ग्रंथपाल
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग